वलणावरचं घरटं

पत्र

ताई, मी बेळगावच्या वडगावात राहते. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. घराच्या मागं रानच होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली. इथं खाली यंत्रमाग, वर आम्ही सहा माणसं. पंधरा दिवसांपूर्वी गॅलरीतल्या वलणावर एका चिमुकल्या पाखरानं घरटं बांधायला घेतलं. पोट पिवळं, चोच वाकडी, बोटाएवढं अंग. आता ते आत बसून असतं. मला त्याचं वेड लागलंय. बघत उभी राहिले आणि दोनदा दूध उतू गेलं. सासूबाई म्हणतात, "पावसात कापडं वाळायला एवढीच जागा, आणि ही पाखरं बघायलीय. काप ती दोरी." मागच्या महिन्यात न्हाणीत साप निघाला, शेजारच्यांनी येऊन मारला. ती धामण होती हे मला कळत होतं, पण माझं ऐकतो कोण? सासरे रोज गच्चीवर पारव्यांना जोंधळे टाकतात, तिथं पाय ठेववत नाही. मुलगा पोपट पाळूया म्हणून मागं लागलाय. नवरा म्हणतो, "एवढी हौस असेल तर वर्षातून एकदा दांडेलीच्या रानात जाऊन येऊ की." मला दांडेली नको, मला इथंच हवंय. घर सांभाळून हे जमतं का?

— एक सून, वडगाव

उत्तर

अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी थोरली लेक तुझ्याहून मोठी आहे.

आधी दुधाचं बोलू. त्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूनं आहे. सहा माणसांच्या घरात सकाळी सातला लिटर-दीड लिटर दूध शेगडीवर सांडलं की त्यात पाखराचा काही दोष नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात. तुझं पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंचा राग घरट्यावर आहे असं मला वाटत नाही. सून हाताशी असून नसल्यासारखी झाली, त्याचा तो राग आहे. दूध तापवायच्या वेळेला खिडकीकडं पाठ कर. पाखरू दिवसभर तिथंच असणार आहे.

आता ते पाखरू. तू लिहिलंयस त्यावरून हा पंचरंगी सूर्यपक्षी दिसतो. शिंजीर म्हणणारेही आहेत. पिवळ्या पोटाची, पाठीला मातकट रंगाची, आत बसून असते ती मादी. जवळपासच्या तारेवर किंवा जास्वंदीवर नर दिसेल. ढगाळ हवेत त्याची पाठ काळपटच वाटते. आषाढात चुकून ऊन पडलं, की डोक्यावर हिरवी आणि गळ्यावर जांभळी झाक अशी काही चमकते, की हातातलं काम राहतं. म्हणून म्हटलं, दुधाच्या वेळी पाठ कर.

घरटं लांबून नीट बघ. पहिल्या नजरेला दोरीला अडकलेला केरकचराच वाटतो, आणि त्याला तसंच वाटायला हवं असतं. आतून मऊ कापूस-म्हातारी, मग गवताच्या काड्या आणि तंतू, आणि बाहेरून झाडाच्या सालीचे कपटे, वाळक्या पानांचे तुकडे, अळ्यांची लेंडीसुद्धा चिकटवलेली. तुमच्या खाली माग आहेत, त्यामुळं त्यात एखादी सुताची दशी निघाली तर मला नवल वाटणार नाही. दार बाजूला असतं आणि त्यावर पुढं आलेली छोटी झड, आपल्या जुन्या कौलारू घरांच्या सोप्यावर असायची तशी. पाऊस थेट आत जात नाही. हे सगळं धरून ठेवतं ते कोळ्याचं जाळं. ते तिनं बहुतेक तुझ्याच घरातून नेलंय. न्हाणीच्या व्हेंटिलेटरचा कोपरा बघ. चोचीत जाळ्याचा धागा गुंडाळून नेताना ती दिसते, आणि एका खेपेत किती नेते तर भाताच्या शितावर मावेल एवढं. अशा किती खेपा तिनं मारल्या असतील ते धर. नर बांधकामात फारसा हात लावत नाही, आजूबाजूला घिरट्या घालतो आणि ओरडतो. हे वाचून तुला कुणाची आठवण आली तर ती तुझ्यापाशीच ठेव.

ती आत बसून असते म्हणजे अंडी घातली आहेत. बहुधा दोन. फुटायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्लं उडायला पुढं तेवढेच, किंवा दोन-चार दिवस जास्त. म्हणजे सासूबाईंकडं तुला जेमतेम एका महिन्याची सवलत मागायची आहे. "घरटं राहू द्या" असं मोघम सांगितलंस तर त्यांना ते कायमचं वाटेल. "नागपंचमी होईपर्यंत" असं सांग. तारीख दिली की माणसं ऐकतात, हा माझा शाळेतल्या तीस वर्षांचा अनुभव आहे.

कायदा तुझ्या बाजूनं आहे हेही सांगून ठेवते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा पाखरांची अंडी-घरटी मोडणं हा गुन्हा आहे. पण हे सासूबाईंना ऐकवू नकोस. सुनेनं घरात कायदा काढला की पुढं काय होतं ते मी सांगायला नको.

घरटं उचलून दुसरीकडं बांधू असा विचार मनात आला असेल तर सोडून दे. जागा बदलली की मादी बहुतेक वेळा परतत नाही. जवळ जाऊन मोबाइलनं आत डोकावणं, फ्लॅश मारणं, मुलाला खांद्यावर घेऊन अंडी दाखवणं, हेही नको. माझी गोष्ट ऐक. टिळकवाडीत राहायला आलो त्या वर्षी अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावं म्हणून मी मधल्या दोन फांद्या छाटल्या. फार छान दिसायला लागलं. मला दिसलं तसं ते कावळ्यालाही दिसलं. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. यजमान काही बोलले नाहीत, पण कात्री मात्र त्यांनी त्या दिवसापासून माळ्यावर ठेवली.

वलणाचं काय करायचं ते शेवटी सांगते, त्याला जरा हिशेब आहे.

सापाकडं येते. तुला जे कळत होतं ते तू मोठ्यानं बोलली नाहीस, याचं वाईट वाटतं, पण दोष देत नाही. साप निघालेल्या न्हाणीत चार बापये काठ्या घेऊन उभे असताना कुणाचंच कुणी ऐकत नाही. पुढच्या वेळेसाठी एक लक्षात ठेव: "मारू नका" म्हणून ओरडून उपयोग होत नाही, "दार लावा" म्हटलं की होतो. न्हाणीचं दार बाहेरून लावायचं, खालच्या फटीत ओलं पोतं कोंबायचं, मुलांना माडीवर पाठवायचं आणि सर्पमित्राला नाहीतर फॉरेस्टवाल्यांना फोन करायचा. नंबर आजच शोधून फ्रीजवर चिकटव, साप निघाल्यावर शोधत बसू नकोस. आमच्या गल्लीत एकदा असाच फोन केला, तर आलेल्या गार्डनं दाराच्या फटीतून बॅटरी मारली आणि सांगितलं, "केरे हावू री, विष इल्ल." कन्नडमध्ये धामणीला केरे हावू म्हणतात, आणि विष इल्ल म्हणजे विष नाही. एवढे चार शब्द ऐकले आणि हातात फावडं घेऊन उभी राहिलेली गल्ली चहाला निघून गेली.

धामण बिनविषारी, आणि उंदीर खाणारी. पण उगीच धीट होऊ नकोस. आपल्याकडं नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत, आणि अर्धवट उजेडात भल्याभल्यांची ओळख चुकते. ओळख पटली तरी हात लावायचा नाही. मण्यार तर रात्रीची हिंडते, तिचा दंश दुखत नाही, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. मागावरचे कामगार रात्रपाळीला खालीच आडवे होत असतील तर त्यांना खाट दे, निदान मच्छरदाणी खोचून झोपायला सांग. कुणाला चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. हातपाय न हलवता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं.

महिन्याभरात पंचमी येईल. सासूबाई वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातील, आणि त्याच घरात महिन्यापूर्वी धामण ठेचली गेली. दगडाच्या नागाला दूध आणि खऱ्या नागाला काठी, हा टोमणा आपल्या मुलखात आठशे वर्षांपासून ऐकवला जातोय, आपल्यावर काही परिणाम झालेला नाही. तू तो ऐकवू नकोस. फक्त पंचमीच्या आदल्या दिवशी, लाडू वळता वळता, सासूबाईंना सहज म्हण, "आत्या, परवाची ती धामण होती म्हणे." एवढंच. पुढचं त्यांचं त्या बघतील.

तो साप न्हाणीत आला कशाला? उंदरामागं. उंदीर आले कशाला? गच्चीवरच्या जोंधळ्यांसाठी. तुझ्या पत्रात साप आणि पारवे वेगवेगळ्या ओळींत आहेत, मला ती एकच गोष्ट वाटते. सासरे सकाळी ओंजळभर टाकतात, पारवे निम्मे खातात, निम्मे पायपात आणि कुंड्यांच्या मागं जातात, रात्री उंदीर वेचतात. शिवाय पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला वाईट, दमेकऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला तर फारच. 2025 मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, बातम्यांत बघितला असशील. पारवा हे काही आपल्या दाण्यावाचून मरणारं पाखरू नाही. माझं स्पष्ट मत आहे की दाणे बंद करावेत आणि गच्चीच्या जिन्याला जाळी लावावी. तुला वाटेल, सूर्यपक्ष्यासाठी वलण सोडायला सांगणारी बाई पारव्याला जाळी लावायला कशी सांगते? सांगते. घरात येणारं प्रत्येक जितराब पाहुणा नसतं.

पण सासऱ्यांचा सकाळचा रिकामा हात कुठं जायचा, हाही प्रश्न आहे. त्या वयात कुणीतरी आपली वाट बघतंय हे फार मोठं असतं, मग ते पारवे का असेनात. त्यांच्याकडं पाण्याचं भांडं दे. मातीचं, पसरट, दोन बोटं पाणी राहील एवढं, मध्ये एक खडबडीत दगड. रोज धुऊन नवं पाणी भरायचं, नाहीतर डासांची पैदास होईल. पावसाळ्यात फारसं कुणी येणार नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये बुलबुल, साळुंक्या, दयाळ असे एकेक येतात आणि रांग लागते. नाव त्यांनीच ठेवायचं, हिशेब त्यांनीच ठेवायचा.

पोपटाचं एका दमात: नाही. आपल्याकडचा कीर पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं बंद आहे, बाजारात कुणी दिला तरी. मुलगा हट्टाला पेटला तर त्याला शेवग्याची फांदी लावायला दे. फांदी लावली की शेवगा येतो, भराभर वाढतो, आणि फुलोऱ्यावर आला की तुमचे सूर्यपक्षी दिवसभर त्याच्यावरच. सासूबाईंना शेंगा मिळतील.

आता तुझ्या यजमानांची दांडेली. जाऊन या की, वाईट काय आहे? पण तुझं म्हणणं मला कळलं. तुझ्या माहेरचं रान काही साधंसुधं नाही. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं ते तुमच्याच तालुक्यात, आणि तिथल्या बारापेडे गुहांत असं एक वटवाघूळ आहे, जे कितीतरी वर्षं जगात फक्त तिथलंच म्हणून माहीत होतं. अशा ठिकाणाहून वडगावच्या गल्लीत आलेल्या पोरीला मागाच्या खडखडाटात पाखरू दिसलं तर ती दूध विसरणारच. मात्र शहरात रान नाही असं यजमान म्हणत असतील तर त्यांना 2022 चा ऑगस्ट आठवून दे. जाधवनगरात बिबट्या आला, गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले, आणि सगळं बेळगाव महिनाभर त्याच्यावरच बोलत होतं.

तू विचारलंस घर सांभाळून जमतं का. वेगळा वेळ काढायला गेलीस तर जमणार नाही, आणि प्रत्येक वेळी अपराधी वाटेल ते वेगळंच. तुझे कामाचे तास बघ. नळाला पाणी सोडण्याचा दिवस असतो, तेव्हा टाकी भरेपर्यंत तू गच्चीवर अर्धा-पाऊण तास अडकलेली असतेस. तुझ्यासारख्या बाईला यापरती संधी नाही. पहाटेचं पाणी असेल तर शेताकडून परतणारी वटवाघळं, मग टिटवी, मग येळ्ळूरच्या बाजूनं ओळीनं येणारे बगळे. संध्याकाळचं असेल तर विजेच्या खांबावर पिंगळा बसतो का बघ, गल्लीतल्या पाली-किड्यांवर त्याचं चांगलं चालतं.

भाकरी थापताना डोळे तव्यावर लागतात, कान मोकळे असतात. उन्हाळ्यात भांडी ठोकल्यासारखं एका लयीत "टुक टुक टुक" चालू असतं तो तांबट, कासाराच्या दुकानाहून जास्त चिकाटीचा. पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा" म्हणणारा पावशा तुला माहेरचा म्हणून माहीतच असेल, तो इथंही ओरडतो, फक्त इथं रिक्षांखाली दबतो. आवाज ओळखू आला नाही तर फोनवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते ऐकून नाव सांगतं. ते चुकतंसुद्धा, म्हणून त्याच्याशी थोडं भांडायची तयारी ठेव. आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभरची माणसं आपल्या अंगणातली पाखरं मोजून नोंदवतात, त्यात निदान पंधरा मिनिटं बसावं लागतं. पंधरा मिनिटं म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांचा वेळ. मुलाला बसव बरोबर, पोपटाचा विषय मागं पडेल.

रविवारी संध्याकाळी सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचंच असेल तर लांब नको. येळ्ळूर रोडला शहर संपलं की भातशेती लागते. या दिवसांत बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात चढतं. ज्यांचं भात त्यात बुडतं त्यांच्या पोटावरच पाय येतो, म्हणून तिथं "काय छान दिसतंय" असं मोठ्यानं म्हणू नये. बांधावर न उतरता रस्त्यावरूनच बघ. काळे शराटी लाल डोकी खाली घालून चिखल उपसत असतात. सासऱ्यांना चालायची सवय असेल तर टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतली जुनी झाडं आहेत. मी सकाळी तिथंच असते, पण मला शोधू नकोस, चालताना मी कुणाशी बोलत नाही.

सासूबाईंबद्दल एक राहिलं. त्यांना गॅलरीत बसव. वाती वळायला, तांदूळ निवडायला, काहीही निमित्त काढ. तुझ्याकडं दिवसातली दहा मिनिटं आहेत, त्यांच्याकडं दोन तास आहेत. खुर्ची घरट्यापासून दहा-बारा हात लांब ठेव आणि जागा रोज तीच ठेव, पाखराला सवय होते. पिल्लं निघाली की नर-मादी दोघं मिळून कोळी आणि अळ्या आणून भरवायला लागतात, तेव्हा तर बघायला खूप असतं. मांजर फिरकलं तर हाकलायला घरात त्यांच्याइतकं तयार माणूस दुसरं नाही. चार दिवसांत तुला त्याच सांगतील, "आज तो बापय सकाळपास्नं आला नाही बघ." मग दोरी कापायची कुणाची छाती आहे?

तर वलण. ज्या दोरीवर घरटं आहे तिच्यावर आता एकही कापड घालायचं नाही, रुमालसुद्धा नाही. ओल्या कापडाच्या वजनानं दोरी खाली जाते आणि वारा सुटला की घरटं झोका घेतं. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, निदान चार हात सोडून, नवी दोरी बांध. ती भिंतीला काटकोनात घेतलीस तर लांबी थोडी कमी भरेल. म्हणून नऊवारी आत माडीवर पंख्याखाली, आणि बाकीचं गॅलरीत. नवी दोरी मादी बाहेर गेलेली असताना पाच मिनिटांत बांधून मोकळी हो, यजमानांना खिळे ठोकत बसू देऊ नकोस. आणि दोरी नायलॉनचीच घे. काथ्याची घेतलीस तर दुसऱ्या दिवशी ती धागे उपटायला त्यावर हजर होईल.